जिप्सीचं नवीन हूड: कापड निवडण्याच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

आज हूड पूर्ण उतरवलं. बाबांची मारुती जिप्सी १९९७ ची, सॉफ्ट टॉप म्हणजे कापडी छपराची, १२९८ सीसी पेट्रोल, री-पासिंग झालेली, इंजिन अजून मस्त. पण डोक्यावरचं हूड संपलंय. हे हूड २०१३ मध्ये एका सीट कव्हरच्या दुकानातून शिवून घेतलेलं, म्हणजे बारा पावसाळे काढले त्याने, त्यामुळे दुकानदाराला दोष नाही. छपराचा भाग, दोन बाजूचे पडदे आणि मागचा पडदा असे चार तुकडे आहेत. ठाण्यात वर्तकनगरला आमच्या सोसायटीत गाडी उघड्यावरच असते, आणि दुपारचं ऊन सगळं ड्रायव्हरच्या बाजूला पडतं.

उतरवून गच्चीवर पसरलं आणि नीट बघितलं तर तीन प्रकारची मोडतोड दिसली. एक म्हणजे जिथे जिथे घडी पडायची तिथे वरचा प्लास्टिकचा थर तडकून आतलं पांढरं जाळीदार कापड बाहेर आलंय. दुसरं, उन्हाच्या बाजूची टीप बोटाने ओढली तर दोरा सरळ तुटतोय, काही ठिकाणी तर पावडर झाली त्याची, पण कापड तिथेच धडधाकट आहे. तिसरं, खालच्या कडेला जिथे कापलेली कड उघडी राहिली होती तिथून पाणी आतल्या कापडात चढून काळी बुरशी आली, वरून काहीच दिसत नाही आणि आतून सगळं कुजलंय. हे तिन्ही लिहून ठेवतेय कारण नवीन कापड घेताना याच तीन गोष्टी विचारायच्या आहेत, रंग आणि चकाकी नंतर.

जुने तुकडे फेकायचे नाहीत, त्यांच्यावरूनच माप घ्यायचंय. मोजून साधारण साडेआठ मीटर कापड लागेल, ५४ इंची पन्हा धरून.

९ मार्च, रविवार

कुर्ल्याला सीएसटी रोडला गेले होते, तिथे गाड्यांच्या सीट कव्हरची आणि रेक्झिनची दुकानं ओळीने आहेत. प्रत्येक ठिकाणी "हूडसाठी पाहिजे" म्हटलं की समोरचा सीटचंच रेक्झिन काढून दाखवतो आणि म्हणतो चालतं की ताई, सगळे हेच लावतात. उलटं करून बघायला लागले तेव्हा फरक कळला. सीटच्या रेक्झिनच्या पाठीला बनियनसारखी जाळी असते, हाताने ओढलं की ताणतं. सीटला ते बरोबरच आहे, कोपऱ्यांवर बसायला ताण लागतो. पण हूडला तेच घातक, वाऱ्याने ताणत ताणत मधे झोळ पडतो आणि झोळात पाणी साचतं. आमच्या जुन्या हूडला हेच झालं होतं, दर पावसाळ्यात बाबा आतून हाताने ढकलून पाणी सांडायचे. काही नमुन्यांना तर पाठीला पातळ फोम होता, तो स्पंजसारखं पाणी धरणार.

दुसरा प्रकार म्हणजे पाठीला ताणा-बाणा असलेलं विणलेलं पॉलिएस्टर कापड, ते उभं-आडवं ओढलं तर हलत नाही, फक्त तिरकं ओढलं तर थोडं देतं. हे हवं.

सहा नमुने आणले. वीतभर तुकडे कोणी फुकट दिले, कोणी वीस रुपये घेतले.

१५ मार्च, शनिवार

आठवडाभर रात्री वाचत बसले. रेक्झिन का तडकतं हे एकदाचं समजलं. रेक्झिनचा वरचा थर पीव्हीसीचा असतो, आणि पीव्हीसी मुळात कडक असतं, आपल्या नळाचे पाइप असतात तसं, ते मऊ व्हावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलासारखं रसायन मिसळतात. ऊन आणि उष्णतेने ते हळूहळू बाहेर पडत जातं आणि कापड परत पाइपासारखं कडक होत जातं, मग घडीवर तडा. म्हणून पीव्हीसीवर रॉकेल, पेट्रोल, थिनर कधीच लावायचं नाही, ते प्लास्टिसायझर अजून लवकर ओढून काढतं. बाबा दर दिवाळीला हूड चकचकीत दिसावं म्हणून रॉकेलच्या फडक्याने पुसायचे. प्रेमानेच करायचे, कुणी सांगितलंच नव्हतं.

आता परदेशी कन्व्हर्टिबल, म्हणजे छप्पर उघडता येणाऱ्या गाड्यांना काय असतं ते. दोन मोठे गट आहेत. एक विनाइल म्हणजे हेच पीव्हीसी, फक्त चांगल्या प्रतीचं, माझदाच्या एमएक्स-५ ला १९८९ मध्ये ती आली तेव्हा विनाइलचंच छप्पर होतं आणि मागे प्लास्टिकची काच. दुसरा गट कापडी, तीन थरांचा: वर अ‍ॅक्रिलिकचं विणलेलं कापड, मधे ब्यूटाइल रबराचा पातळ थर आणि आत सुती किंवा पॉलिएस्टरचं अस्तर. ब्यूटाइल म्हणजे तेच रबर ज्याच्या टायरच्या ट्यूब बनतात, जे हवा धरून ठेवतं ते पाणी धरणारच. या कापडाला अजूनही बरेच जण मोहेर म्हणतात, मोहेर म्हणजे खरं तर अंगोरा शेळीची लोकर, पण आता त्या नावाखाली बहुतेक अ‍ॅक्रिलिकच मिळतं, तेव्हा नावावर जाऊ नये.

अ‍ॅक्रिलिकची खरी ताकद रंगात आहे. साधं कापड आधी विणतात मग रंगवतात, रंग वरवर बसतो. याच्यात धागा बनायच्या आधीच द्रावणात रंग मिसळलेला असतो, म्हणजे बीट कुठूनही कापलं तरी लालच निघतं तसा धागा आरपार रंगलेला. उन्हात विटायला तो किती तरी जास्त वेळ घेतो. दुकानांच्या छत्र्या, बोटींची छतं यासाठी हेच वापरतात, ग्लेन रेवन कंपनीचं सनब्रेला हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं नाव. पण ते बोटीचं कापड एकेरी असतं, मधे रबर नसतं, ते पाणी झटकतं पण पूर्ण अडवत नाही. हा फरक न बघता कोणी एकेरी कापड हूडला लावलं तर पहिल्या मोठ्या पावसात फजिती नक्की.

१६ मार्च, रविवार

आजचा दिवस फार कामाचा गेला. आईच म्हणाली की अगं, ठाण्यात एवढ्या रिक्षा आहेत, त्यांची हूडं कोण शिवतं त्यांना विचार की, रिक्षाएवढं ऊन-पाऊस कोणती गाडी खाते? मला इतके दिवस हे सुचलं नव्हतं.

वागळे इस्टेटच्या एका गल्लीत एक मामा आहेत, तीस वर्षं रिक्षाची हूडं, टेम्पोच्या ताडपत्र्या आणि सीटा शिवतायत. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक जाडजूड मशीन आणि भिंतीला टांगलेले पुठ्ठ्याचे साचे. मी सहा नमुने काढून ठेवले. त्यांनी नाव-किंमत काही विचारलं नाही, प्रत्येक तुकडा नखाने दाबला, घडी घालून अंगठ्याने चोळला, मग कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवला. नुसता धागा हां, प्लास्टिकचा थर खरवडून. पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो, सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते. माझ्या सहापैकी दोन "पॉलिएस्टर" म्हणून दिलेले तुकडे सुतीमिश्रित निघाले. पीव्हीसी स्वतः मात्र पेटवायचं नाही, त्याचा धूर छातीला वाईट, असं मामांनी दोनदा बजावलं.

मग म्हणाले, "ताई, कापड गळत नाही. टीप गळते. तुम्ही कापडावर दोन महिने घालवाल आणि मी एका सुईने त्याला दोन हजार भोकं पाडणार."

मी घरी येईपर्यंत हेच वाक्य डोक्यात होतं.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उतरवायच्या आधी गच्चीवरचं सामान लावून झालं. एका जुन्या प्लायवूडच्या फळीवर सात नमुने ठोकलेत. सहा आधीचे आणि सातवा खास, ऐरोलीच्या एका ओळखीच्यांनी त्यांच्या परदेशी गाडीचं हूड बदललं तेव्हा उरलेला तीन थरांच्या अ‍ॅक्रिलिकचा तुकडा दिला. हातात घेतल्यावर खरं सांगते, जीव अडकला. वरून लोकरीसारखा मऊ, गडद निळा, आणि घडी घातली तर सुरकुती आपोआप जाते.

प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग झाकलेला, अर्धा उन्हात, म्हणजे रंग किती उडाला ते शेजारी शेजारी दिसेल. एक कोपरा घट्ट घडी घालून कपड्याच्या चिमट्याने दाबून ठेवलाय, रोज संध्याकाळी मी किंवा आई तो उलटा दुमडतो.

वजनपण केलं. हे ज्याला कापड घ्यायचंय त्याने नक्की करावं: बरोबर दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन करायचं आणि शंभरने गुणायचं, झालं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम ते. एका दुकानदाराने ६५० जीएसएम सांगितलेला तुकडा ५.४ ग्रॅम भरला म्हणजे ५४०. ट्रकच्या ताडपत्रीचं पीव्हीसी खरंच ६५० च्या वर भरलं, पण ते इतकं ताठ आहे की जिप्सीच्या पाइपच्या वळणावर बसणारच नाही, हाताने वाकवताना कट्ट असा आवाज येतो.

सुती कॅनव्हास रात्रभर भिजवून वाळवला. मीटरभर पट्टी होती, ९५ सेंटिमीटर राहिली. म्हणजे आधी न भिजवता शिवलं तर पहिल्या पावसानंतर बटणं बटणांपर्यंत पोचणार नाहीत.

१३ एप्रिल, रविवार

पाण्याची परीक्षा. आधी नुसतं बादलीच्या तोंडावर कापड बांधून लिटरभर पाणी ओतून ठेवलं होतं पण त्यात सगळेच पास झाले, कारण बादलीतल्या झोळात पाण्याची उंची वीतभरपण नसते, आणि हायवेवर समोरून येणारा पाऊस काचेच्या वरच्या पट्टीवर जोराने आपटतो. मग प्लंबरकडून चार इंची पाइपचा सव्वा मीटरचा तुकडा आणला, खालच्या तोंडाला नमुना क्लॅम्पने आवळला, पाइप खिडकीच्या ग्रिलला उभा बांधला आणि वरून पाणी भरत गेले, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद.

एकेरी अ‍ॅक्रिलिक (सहामधला एक छत्रीवाल्याकडचा होता) एक फुटाच्या वर पाणी गेल्यावर घामासारखं पाझरायला लागलं. सुती कॅनव्हासने आधी भरपूर टपटप केली पण अर्ध्या तासाने थेंब कमी होत गेले, सूत भिजून फुगतं आणि भोकं स्वतःच बुजवतं, जुन्या काळचे तंबू याच्यावरच चालायचे. पीव्हीसीचे तिन्ही विणलेल्या पाठीचे नमुने आणि तीन थरांचं अ‍ॅक्रिलिक, एक मीटर पाण्याखाली तासभर पूर्ण कोरडे.

मग मामांचं वाक्य तपासायचं होतं. आदल्या दिवशी त्यांच्याकडून पीव्हीसी आणि अ‍ॅक्रिलिक दोन्हीवर मधोमध एक एक टीप मारून आणली होती. तेच पाइपला बांधलं. अर्धा फूट पाणी भरायच्या आत दोन्हीकडून टिपेच्या रेषेत मोत्यांची माळ लागावी तसे थेंब. माझं लाडकं निळं कापडसुद्धा.

आई बाजूला उभी होती, म्हणाली की सुती दोरा वापरला असता तर दोरा फुगून भोक भरलं असतं. बरोबर आहे, जगात असा दोरा करतातपण, आत पॉलिएस्टर आणि वरून सुताचं आवरण. पण आपल्याकडे चार महिने सतत ओल, ते सूत कुजणारच, म्हणून तो विचार सोडला. नायलॉनचा दोरा नको, मजबूत असतो पण उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर मरतो. आमच्या जुन्या हूडचा पावडर झालेला दोरा मामांनी बघितल्या बघितल्या नायलॉन म्हणून सांगितलं. तेव्हा दोरा बॉन्डेड पॉलिएस्टर, सुई १८ नंबर, आणि टाका मोठा, इंचाला सहाच. बारीक टाका मजबूत असतो असं आपल्याला ब्लाउज-परकर शिवताना वाटतं पण इथे बारीक टाका म्हणजे पोस्टाच्या तिकिटासारखी फाडायची रेषा तयार करणं.

२७ एप्रिल, रविवार

चार आठवडे झाले. फळी उतरवली.

घडीच्या कोपऱ्यात सीटचं रेक्झिन पांढरं पडलं, भिंगातून बारीक तडे दिसतात, चार आठवड्यांत. विणलेल्या पाठीच्या पीव्हीसीपैकी चकचकीत होतं त्याला घडीची खूण आहे पण तडा नाही, मॅट होतं त्याला खूणपण जवळजवळ नाही. अ‍ॅक्रिलिकला काहीच नाही. रंगाचं म्हणाल तर काळ्या रेक्झिनचा झाकलेला भाग आणि उघडा भाग आता वेगळे ओळखू येतात, बाकीच्यांना अजून वेळ आहे, चार आठवडे त्यासाठी पुरेसे नाहीत हे मान्य.

दुपारी दीडला बंदुकीसारख्या थर्मामीटरने तापमान घेतलं. काळं ६९ अंश, गडद निळं ६४, खाकी ५८, फिकट क्रीम ४९. आतल्या बाजूनेसुद्धा काळ्या आणि खाकीत आठ अंशांचा फरक. गाडीत बाबांच्या डोक्यापासून हूड वीतभर वर असतं, तेव्हा हे आठ अंश मला महत्त्वाचे वाटतात. क्रीम सगळ्यात थंड पण आमच्या पार्किंगवर शिरीषाचं मोठं झाड आहे, त्याचा चिकटा आणि कावळे, दोन महिन्यांत डाग.

४ मे, रविवार

आज निर्णय झाला, सकाळी चहाला बसलो ते बारा वाजेपर्यंत.

माझं मन अ‍ॅक्रिलिकवर होतं हे लिहायला हवं. कापड म्हणून ते श्रेष्ठच आहे, त्यात मला शंका नाही. पण तीन थरांचं अस्सल कापड बाहेरून मागवायचं तर कुरियर आणि कस्टम ड्युटी धरून आमच्या सगळ्या हूडच्या बजेटच्या चौपट. तेही एक वेळ जमवलं असतं. मला थांबवलं बाबांच्या एका प्रश्नाने. म्हणाले, "अगं, हे मुरबाडच्या पुढे कुठे फांदीने फाटलं तर कोण जोडून देईल?"

खरंच कोण? अ‍ॅक्रिलिकला ठिगळ लावायचं तर परत शिवण, परत भोकं. पीव्हीसी उष्णतेने वितळून एकमेकांत मिसळतं, म्हणजे हॉट एअर गनने ठिगळ चिकटवलं की एकजीव होतं, सुई नाही, भोक नाही. ताडपत्रीवाले रोज हेच करतात, आणि हायवेला जिथे ट्रक आहेत तिथे ताडपत्रीवाला आहे. आणि मला जास्त मोठी गोष्ट ही वाटली की याच गुणामुळे टीपसुद्धा बंद करता येते: शिवायचं, आणि टिपेवर वरून त्याच कापडाची इंचभर पट्टी गरम हवेने चिकटवायची. मामांनी दोन हजार भोकांचं म्हटलं होतं, ती सगळी त्या पट्टीखाली. अ‍ॅक्रिलिकला हे जमत नाही.

म्हणजे कापड एकटं श्रेष्ठ असून चालत नाही, कापड, शिवण आणि दुरुस्ती करणारा हात या तिघांचं मिळून श्रेष्ठ हवं. वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात तरी मला हेच पटतंय. कोरड्या थंड गावात, बंद गॅरेजमध्ये राहणाऱ्या गाडीला मी आजही अ‍ॅक्रिलिकच सांगेन.

ठरलं: दोन्ही बाजूंनी पीव्हीसी चढवलेलं, मधे विणलेलं पॉलिएस्टर, मॅट, खाकी. पीव्हीसी श्वास घेत नाही, त्यामुळे आतून दमटपणा राहणार आणि बुरशी प्लास्टिसायझरवरपण वाढते, म्हणून मागच्या पडद्याला वरच्या बाजूला झापेखाली दोन जाळीच्या खिडक्या ठेवायच्या, वारा जाईल, पाणी नाही.

१० मे, शनिवार

कापड घेतलं. साडेआठऐवजी दहा मीटर, कारण पट्ट्या, ठिगळं आणि पुढच्या दहा वर्षांसाठी त्याच लॉटचा एक तुकडा घरात हवा. दुकानात उभ्या उभ्या काटा काढून वजन केलं, ६.१ ग्रॅम, म्हणजे ६१०. दुकानदार काका आधी बघत राहिले आणि मग स्वतःच दुसऱ्या तीन गठ्ठ्यांचं करून बघा म्हणाले. ४२० रुपये मीटरने पडलं. सोबत मागच्या खिडकीसाठी पारदर्शक पीव्हीसी, पाऊण मिलिमीटर जाडीचं. अर्धा मिलिमीटरवालं स्वस्त होतं पण त्यातून बघितलं तर दुकानाची पाटी लाटांसारखी हलत होती. ते घरी घडी घालून आणायचं नाही, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून, मधे मऊ कापड घालून.

१८ मे, रविवार

जुने तुकडे टिपा उसवून सरळ केले, इस्त्री नाही, उन्हात ठेवले की मऊ पडतात. त्यावरून पुठ्ठ्याचे साचे. छपराच्या जुन्या तुकड्याला झोळ होता म्हणून तो साचा मधून बोटभर कमी केला.

कापड ठेवताना उभा धागा गाडीच्या लांबीत. मामा म्हणाले कापड वाचवायला काही जण पडदे आडवे-तिरके कापतात आणि मग तिरक्या बाजूने ताणून कोपरा लोंबतो. आमचे चार तुकडे एकाच दिशेने कापले, दीड हात कापड वाया गेलं, जाऊ दे.

बटणांची भोकं आधी पाडायची नाहीत असं ठरलंय. छप्पर फ्रेमवर टाकून मधून सुरुवात करून एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असं कडेपर्यंत जायचं, प्रत्येक टिच बटण जागेवर खूण करून. आणि भर दुपारी नाही. तापलेलं पीव्हीसी ढिलं पडतं, तेव्हा ताणून बसवलं तर पावसात आखडून बटणं लागत नाहीत. सकाळी सात ते नऊ.

२१ मे, बुधवार

दोन दिवस संध्याकाळी वळवाचा जोरदार पाऊस. गाडी उघडी, वर नुसती निळी प्लास्टिक शीट बांधलेली, ती काल रात्री उडाली. बाबा साडेअकराला छत्री घेऊन खाली जाऊन सीटवर टॉवेल टाकून आले, मला उठवलंसुद्धा नाही. आमचा अंदाज जूनच्या दुसऱ्या आठवड्याचा होता. मामांना फोन केला, म्हणाले उद्यापासून दुसरं काम बाजूला ठेवतो.

२५ मे, रविवार

शिवून झालं. चार दिवस ऑफिसनंतर रोज वागळेला. मामांची मशीन वरचं आणि खालचं कापड एकत्र पुढे ओढते, नाहीतर पीव्हीसी पायाला चिकटून वरचा थर मागे राहतो आणि टीप वाकडी जाते. घरच्या मशीनवर मी एक तुकडा करून बघितला होता, तिसऱ्या थराला सुई तुटली. प्रत्येक कड दुमडून आत घेतली, एकही कापलेली कड उघडी नाही, २ मार्चला बघितलेली बुरशी त्याच कडेतून आली होती.

पट्ट्या चिकटवायचं काम मामांनी मला करू दिलं. एका हातात गरम हवेची बंदूक, दुसऱ्या हातात लाकडी बेलणी. कापड चकाकायला लागलं की लगेच दाबायचं, त्याआधी दाबलं तर सुटतं, उशीर झाला तर तपकिरी होतं. दार-खिडक्या उघड्या आणि मास्क. पहिले चार हात पट्टी खराब केली, मग हाताला कळलं.

२६ मे, सोमवार

सकाळी सातला बसवलं आणि आजच मान्सून मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. दिवसभर धो धो. संध्याकाळी उतरून बघितलं, मागे कोरडं, पडदे कोरडे, छपराचा मध्य कोरडा. ड्रायव्हरच्या डोक्यावर, काचेच्या पट्टीपासून हातभर मागे, एक थेंब. पुसला, दहा मिनिटांनी परत एक.

१ जून, रविवार

पाऊस थांबलाय. तो थेंब कुठून येतो ते शोधायला छप्पर सोडून उलटं केलं. तिथे दोन तुकड्यांचा आडवा जोड आहे. पट्टी चांगली चिकटलीये, पण जोडच उलटा आहे. कौलारू घराच्या छपरावर वरचं कौल खालच्या कौलावर येतं म्हणून पाणी उतरून जातं, आमच्या जोडात मागचा तुकडा पुढच्याच्या वर आलाय आणि छपराचा उतार तिथे मागच्या बाजूला आहे, म्हणजे पाणी थेट जोडाच्या तोंडात. पट्टीच्या एका टोकाला, पाइपिंगच्या जाडीमुळे, करंगळीएवढी जागा सुटली होती, तिथून आत. बाकी सगळे जोड बरोबर आहेत, हाच एक साचा आम्ही उलटा धरला होता.

मामा स्वतः आले बघायला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले रिक्षाच्या हूडला तिथे जोड नसतो त्यामुळे हात चुकला.

८ जून, रविवार

जोड उसवून परत शिवला तर जुनी भोकं तशीच राहणार. म्हणून उसवला नाही. अडीच इंची नवीन पट्टी, पुढच्या तुकड्यावरून सुरू होऊन जोड पूर्ण झाकून मागे उतरणारी, कौलासारखी, आणि टोकं पाइपिंगच्या पलीकडे वळवून आतून चिकटवली. उरवून ठेवलेल्या दीड मीटरमधली. सोसायटीच्या होजने वीस मिनिटं पाणी मारलं, आत आई टॉर्च घेऊन बसली होती. काही नाही.

१६ जून, सोमवार

खरा पाऊस परत आला. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत घोडबंदर रोडने बाबांना घेऊन गेले आणि परत आले, जाताना ट्रकच्या चाकांचं पाणी बाजूने आपटत होतं. ड्रायव्हरची जागा कोरडी. बाबांनी दोन वेळा हात वर करून छपराच्या मधोमध ढकलून बघितलं, सवयीने. वर पाणी साचलेलंच नव्हतं.

६ जुलै, रविवार, आषाढी

महिन्याभराची नोंद. रंगात फरक नाही. टिपा कोरड्या. मागच्या पारदर्शक खिडकीवर आतून धुकं धरतंय, जाळीच्या खिडक्या असूनसुद्धा, बहुतेक त्या थोड्या मोठ्या हव्या होत्या. खिडकी कोरड्या फडक्याने पुसायची नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, आधी पाणी मग मऊ कापड, नाहीतर धुळीचे ओरखडे कायमचे. डाव्या पडद्याचं खालून तिसरं बटण घट्ट लागतं, ते दिवाळीनंतर कापड सुकल्यावर बघायचं. उरलेलं कापड गुंडाळून माळ्यावर ठेवलंय, त्यावर तारीख आणि ६१० जीएसएम असं मार्करने लिहिलंय.